वाण्याची यादी आणि पुड्याची मागची बाजू



ज्या बाईंच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना त्रैराशिक शिकवलं. कार्यकर्त्यांनी आहार हा विषय सुचवला तेव्हा मला बरं वाटलं. आज जे सांगायचं आहे त्याला त्रैराशिकापलीकडचं गणित लागत नाही, पण तेवढं मात्र लागतंच. पालेभाज्या खा, तळलेलं टाळा, बाहेरचं कमी करा, हा उपदेश तुम्ही सर्वांनी ऐकलेला आहे आणि तो खोटाही नाही. फक्त त्यात 'किती' हा प्रश्न कुणी विचारत नाही. आहारातलं बरंवाईट बहुतेक त्या 'किती'पाशीच ठरतं.

हे 'किती' सांगणारे दोन कागद आपल्याला उपलब्ध आहेत. पहिला म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शिका. ती प्रथम १९९८ साली निघाली, २०११ मध्ये सुधारली आणि मे २०२४ मध्ये पुन्हा नव्याने आली. दुसरा कागद आपण रोज कात्रीने कापून कचऱ्यात टाकतो, तो म्हणजे पुड्याच्या मागे छापलेला तक्ता. २०२४ च्या मार्गदर्शिकेत सतरा सूत्रं आहेत. पहिलं म्हणतं, विविध अन्नगटांतून संतुलित आहार घ्या. सतरावं म्हणतं, पुड्यावरची माहिती वाचा. मला हा क्रम योग्य वाटतो. आपण मात्र उलटे चालतो. दुकानात पुडा हातात घेऊन विचारतो, हे चांगलं की वाईट? दिवसभराच्या ताटात त्या पुड्याला जागा किती, हे आधी ठरवलेलं नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही.

मार्गदर्शिका कुठून आली ते थोडक्यात सांगते. १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतल्या कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरीच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. गिरणीत सडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर जगणाऱ्या माणसांना होणारा तो आजार. त्या केंद्राची पुढे पोषण प्रयोगशाळा झाली आणि १९३७ मध्ये तिथले संचालक वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. पुस्तिकेच्या नावातच 'समाधानकारक आहाराचं नियोजन' हे शब्द होते. म्हणजे आकडे छापले ते विद्वानांनी मिरवण्यासाठी नव्हे, वसतिगृहाच्या मुदपाकखान्यात उपयोगी पडावेत म्हणून. स्वातंत्र्यानंतर प्रयोगशाळा हैदराबादला गेली आणि १९६९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. त्या वेळचा प्रश्न उणिवेचा होता. आज उणीव गेलेली नाही आणि तिच्या शेजारी अतिरेक येऊन बसला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रुग्ण आहेत. पुष्कळदा ही दोन्ही माणसं एकाच घरात असतात. कधी कधी ती एकच व्यक्ती असते.

आता ताट. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी मार्गदर्शिका सांगते: धान्य, त्यात ज्वारी-बाजरी-नाचणी आली, २५० ग्रॅम. डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम. मासे, अंडी, मटण खाणाऱ्यांनी यातला काही भाग त्यांतून भरून काढावा. दूध किंवा दही ३०० मिलिलीटर. भाज्या ४०० ग्रॅम, त्यांत पालेभाजी शंभर. फळ १०० ग्रॅम. तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम. तेल-तूप २७ ग्रॅम. वजनं सगळी कच्च्या मालाची.

हा तक्ता आमच्या विद्यार्थिनी परीक्षेत घडाघडा लिहीत आणि घरी जाऊन नेहमीसारखंच जेवत. त्यांचा दोष नाही. कुठलीही गृहिणी ८५ ग्रॅम डाळ तराजूवर मोजून कुकरला लावत नाही आणि लावूही नये. आपल्या घरात आहाराचं नियोजन होतं ते महिन्याच्या एक-दोन तारखेला, वाण्याची यादी करताना. तेव्हा दिवसाचे ग्रॅम विसरा, महिन्याचे किलो काढा. घरात चार मोठी माणसं धरू.

धान्य तीस किलो. हे बहुतेकांचं जुळतं, किंवा जास्तच भरतं. डाळी-कडधान्यं: ८५ गुणिले ४ गुणिले ३०, म्हणजे दहा किलोंच्या वर. आता आपापली यादी आठवा. तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक, हरभराडाळ एक, मटकी आणि चवळी अर्धा-अर्धा किलो. पाच किलोंवर आकडा थबकतो. तेल: २७ गुणिले ४ गुणिले ३०, म्हणजे सव्वातीन किलो. लिटरभर तेल वजनाला सुमारे ९१० ग्रॅम भरतं, म्हणून साडेतीन लिटर, आणि त्यातच तूप, लोणी, वनस्पती सगळं आलं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर पुढचं मी सांगायची गरज नाही. भाजी रोज एक किलो सहाशे ग्रॅम. म्हणजे मेथीची एक जुडी आणि दोन बटाटे एवढ्यावर ज्यांचं भागतं, त्यांचं भागत नाही, एवढंच. बटाटा तर भाजीत धरूही नका. तो पिष्टाचाच भाऊ.

तेलबियांच्या आकड्याला लोक दचकतात. चौघांना महिन्याला चार किलो! पण मराठी स्वयंपाकघराला हा आकडा नवा नाही. उसळीतलं शेंगदाण्याचं कूट, तिळाची, जवसाची, कारळ्याची चटणी, आमटीतलं सुकं खोबरं हे सारं यातच येतं. विदर्भात जवस आणि कोकणात खोबरं असेल, पण डबा भरलेला असायचा. बदाम-अक्रोडाशिवाय हे खातं भरत नाही असं वाटायला लागलं ते अलीकडे, जाहिरातींनी. मूठभर भाजलेले शेंगदाणे खाऊन माणूस गरीब दिसतो म्हणून बदाम भिजत घालायचे, हा आहारशास्त्राचा भाग नव्हे.

या यादीत देशभराचं चित्र दिसतं. मार्गदर्शिकाच सांगते की आपल्या एकूण ऊर्जेपैकी ५० ते ७० टक्के धान्यांतून येते, आणि डाळी, मांस, मासे मिळून जेमतेम ६ ते ९ टक्के. अपेक्षा आहे १४ टक्क्यांची. आपला सगळा बिघाड या दोन ओळींत आहे. भाताचा ढीग आणि वरणाचं पाणी.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. दहा किलो डाळ, रोज सव्वा लिटर दूध आणि दीड किलो भाजी ही यादी पैशाची आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. ताटाला धान्य साडेसात किलो लागतं आणि डाळ अडीच किलो. त्या कायद्याने दिलेल्या हक्कात डाळ नाहीच. सरकारच्याच एका संस्थेने आखलेलं ताट आणि सरकारच्याच दुकानातली पिशवी एकमेकांना भेटत नाहीत. मजुरी करणाऱ्या बाईला 'विविधता आणा' असं सांगणाऱ्याने आधी बाजारात तुरीचा भाव विचारून यावा. आज इथे बसलेल्या बहुतेकांना मात्र ही सबब लागू नाही, मलाही नाही. आपण डाळीवर वाचवतो आणि फरसाणावर उडवतो.

दुसरी गोष्ट: २००० हा आकडा सरासरीचा आहे. संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या निकषांत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २११० किलोकॅलरी दिल्या आहेत आणि ५५ किलोच्या बैठ्या स्त्रीला १६६०. कपात करायची ती धान्य, तेल आणि साखरेत. डाळ, भाजी, दूध, फळ जिथल्या तिथे राहू द्या. 'वजन कमी करते आहे' म्हणून वरण सोडणाऱ्या आणि संध्याकाळी चहाबरोबर चार खाऱ्या खाणाऱ्या बायका मी फार पाहिल्या.

मिठाचं गणित सर्वांत सोपं, म्हणून सर्वांत आवडतं. मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅम. चौघांना वीस ग्रॅम. किलोची पिशवी पन्नास दिवस गेली पाहिजे. उघडाल त्या दिवशी पिशवीवर तारीख लिहा आणि बघा. कैरीचं लोणचं आणि वाळवणं यांचं मीठ वेगळं काढलं असेल तर तेही हिशेबात घ्या, शेवटी ते आपल्याच पोटात जायचं आहे. आणि पिशवी बरोबर पन्नास दिवस गेली तरी निश्चिंत होऊ नका. पाव, बिस्किटं, फरसाण, सॉस यांतून येणारं मीठ त्या पिशवीतलं नसतं.

तिथे आपला दुसरा कागद सुरू होतो.

हा माझ्या हातात नाचणीच्या बिस्किटांचा पुडा आहे. नाव मी चिकटपट्टीने झाकलं आहे, कारण असा मजकूर थोड्याफार फरकाने अनेक कंपन्यांच्या पुड्यांवर मिळेल. पुढच्या बाजूला नाचणीची कणसं, शेत, मातीचं बोळकं. मागे घटकांची यादी. इथे पहिला नियम: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. वाचते: रिफाईंड गव्हाचं पीठ, म्हणजे मैदा. मग साखर. मग पाम तेल. चौथ्या जागी नाचणीचं पीठ, कंसात १० टक्के. ती टक्केवारी कंपनीने खुषीने दिलेली नाही. ज्या घटकाचा नावात किंवा चित्रात गाजावाजा केला, त्याचं प्रमाण छापावं लागतं. पुडा ७५ ग्रॅमचा, म्हणजे नाचणी साडेसात ग्रॅम. एका बेताच्या भाकरीला साठ ग्रॅम तरी पीठ लागतं. नाचणीची ख्याती चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी. शंभर ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम. भाकरीतून त्यातलं दोनशेच्या वर मिळतं, या अख्ख्या पुड्यातून सत्तावीस.

खाली जाऊ. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज. हीही साखरेचीच भावंडं. साखर एकाच नावाने लिहिली तर ती यादीत वर चढते, तीन नावांत वाटली तर प्रत्येक नाव खाली राहतं. ही वाटणी पकडायची ती यादीखालच्या तक्त्यात. तिथे 'वरून घातलेली साखर' अशी वेगळी ओळ असते आणि तिच्यात सगळी भावंडं एकत्र मोजली जातात. म्हणून यादी आणि तक्ता दोन्ही वाचायचे. मग येतात वरून मिसळलेल्या पदार्थांचे आयएनएस क्रमांक. ५००, ५०३, ३२२, ३३०. लोक यांनाच सर्वांत जास्त घाबरतात आणि माझ्या मते ही भीती चुकीच्या जागी खर्च होते. ५०० मध्ये आपला खाण्याचा सोडा आहे. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. क्रमांक दिसला की विष, असं समजून पुडा खाली ठेवणारा माणूस त्याच पुड्यातली साखर मात्र नजरेआड करतो.

आता तक्ता. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ४८८ किलोकॅलरी, प्रथिनं ६.८ ग्रॅम, कर्बोदकं ६८, वरून घातलेली साखर २३, एकूण मेद २१, संपृक्त मेद १०, सोडियम ३१० मिलिग्रॅम. शेजारच्या रकान्यात 'प्रति सर्व्ह' टक्के: ऊर्जा ५, साखर ९, संपृक्त मेद ९, सोडियम ३. किती निरुपद्रवी! पाच, नऊ, नऊ, तीन.

बाईंच्या वर्गातला प्रश्न इथे विचारायचा: कशाचे टक्के, आणि किती वस्तूवर? सर्व्ह म्हणजे २० ग्रॅम, तीन बिस्किटं. हे प्रमाण कंपनी ठरवते. प्रवासात पुडा फोडलेला कोणता माणूस तीन बिस्किटांवर थांबून उरलेल्या पुड्याला रबरबँड लावतो? ७५ ग्रॅमचा हिशेब करू. साखर सव्वासतरा ग्रॅम, संपृक्त मेद साडेसात, ऊर्जा ३६६. आणि टक्के कशाचे? अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलच्या नियमांत वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरली आहे, संपृक्त मेदाची २२ ग्रॅम, सोडियमची २००० मिलिग्रॅम. त्या पन्नासावर आपला पुडा ३४ टक्के साखर देतो. पण हैदराबादची मार्गदर्शिका म्हणते की साखर एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांखाली ठेवा. २००० चे ५ टक्के शंभर किलोकॅलरी, म्हणजे २५ ग्रॅम साखर. त्या २५ वर हाच पुडा ६९ टक्के होतो. एकाच देशातल्या दोन सरकारी संस्था, साखरेची दोन मापं, आणि ढिलं माप पुड्यावर. सोळाशे साठ किलोकॅलरीच्या बैठ्या बाईला तर तेही माप मोठं.

म्हणून माझा सल्ला असा: टक्क्यांचा रकाना सोडून द्या. फक्त १०० ग्रॅमचा रकाना वाचा, पुड्याच्या वजनाने गुणा, आणि तीन आकडे आपल्या डोक्यात ठेवा: साखर २५, संपृक्त मेद २२, सोडियम २०००. सोडियमचं मीठ करायचं तर अडीचने गुणायचं. चारशे मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ग्रॅमभर मीठ. दोन पुड्यांची तुलनाही याच रकान्यावर करा, कारण सर्व्हचं प्रमाण एकाचं वीस ग्रॅम तर दुसऱ्याचं पंचवीस असतं.

पुढच्या बाजूच्या घोषणांवर फार वेळ घालवत नाही. शेंगदाणा तेलावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' लिहिलेलं असतं. वनस्पतीत ते नसतंच, तर मुक्त कशातून केलं? 'मल्टिग्रेन' म्हणजे अनेक धान्यं, कुठलं किती ते मागे बघा. 'शंभर टक्के फळांचा रस' ही घोषणा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढून टाकायला लावली. काही घोषणांना मात्र नियमाने अर्थ दिलेला आहे. 'शुगर फ्री' म्हणायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर असून चालत नाही. 'तंतुमय घटकांनी समृद्ध' म्हणायला १०० ग्रॅममध्ये किमान ६ ग्रॅम लागतात. पण शुगर फ्री बिस्किटातही मैदा आणि तेल असतंच, हे मधुमेही काकांना घरच्यांनी सांगायचं असतं. आणि ट्रान्स मेदाच्या बाबतीत कायद्याने खरंच चांगलं काम केलं. तेल-वनस्पतीतलं त्याचं कमाल प्रमाण एके काळी १० टक्के होतं, ते पायरीपायरीने उतरवत जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणलं. तुम्ही-आम्ही एकही पुडा न वाचता हा फायदा सर्वांना मिळाला. वाचकाच्या शहाणपणावर सगळं सोपवू नये, याचा हा पुरावा.

सध्याचा सर्वांत मोठा बाजार मात्र प्रथिनांचा आहे. प्रोटीन बिस्किट, प्रोटीन पाव, प्रोटीन कुल्फीसुद्धा पाहिली. इथे एका मराठी माणसाची आठवण काढली पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्या काळी गरीब देशांत 'प्रथिनांची दरी' आहे, ती खास प्रथिनयुक्त पदार्थांनी भरून काढली पाहिजे, असा जगभर बोलबाला होता. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितलं की आपल्याकडच्या धान्य-डाळीच्या जेवणात पोटभर मिळालं तर प्रथिनंही बहुतेक पुरतात. कमी पडतं ते पोटभर जेवण. त्यांच्या पुढच्या काही मांडण्यांवर कडाक्याचा वाद झाला आणि तो व्हायला हवाच होता. पण हा मूळ मुद्दा टिकला.

तपासून पाहू. निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. ताटातलं २५० ग्रॅम धान्य साधारण पंचवीस देतं, ८५ ग्रॅम डाळ अठरा-एकोणीस, दूध नऊ-दहा, दाणे-तीळ सात-आठ. साठ झाले, अजून भाजी मोजलेली नाही. धान्य आणि डाळ तीनास एक या प्रमाणात एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरते. २५० आणि ८५ हे तेच प्रमाण. खिचडी, वरणभात, पिठलं-भाकरी यांत आपोआप साधलं जातं, डाळ पुरेशी असेल तर. माझं म्हणणं एवढंच की ज्या घरात डाळ पाच किलोच येते तिथे प्रथिनं खरोखरच कमी पडत असतील. पण ती भरून काढायची जागा यादीतली दुसरी ओळ आहे, हजार-दोन हजारांचा डबा नव्हे. २०२४ च्या मार्गदर्शिकेनेही स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांची पूरकं टाळा असं स्पष्ट लिहिलं आहे. व्यायामशाळेतली मुलं यावर माझ्याशी भांडतात. भांडू देत.

पुड्यावरचा तक्ता कुठे नसतो, हेही बघायला हवं. हलवायाकडचं सुटं फरसाण, बेकरीतली खारी, गाडीवरचा वडापाव यांना मागची बाजूच नाही. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थासमोर कॅलरी लिहाव्या लागतात. कोपऱ्यावरच्या अण्णांना नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही. त्याहून गंभीर बाब पुड्यांचीच आहे. शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान पृष्ठभागाच्या वेष्टनाला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता यांतून सूट मिळते. तो मजकूर मोठ्या खोक्यावर असला की पुरे. आता शाळेसमोरच्या टपरीवर टांगलेल्या माळा आठवा. खोकं टपरीवाल्याने कधीच फाडून टाकलेलं असतं. ज्या वस्तू मुलं स्वतःच्या पैशाने, आईबापांच्या माघारी घेतात, नेमक्या त्यांतल्या सर्वांत छोट्या पुड्या मुक्या.

आणि भाषा. नियमाप्रमाणे पुड्यावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. इतर भाषा वापरायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. जाहिरात मराठीत असते, पुढची घोषणा कधी कधी मराठीत असते, मागचा तक्ता मात्र नाही. माल विकताना आमची भाषा येते आणि त्यात काय आहे हे सांगताना येत नाही.

पुढच्या बाजूवर इशारा छापावा, हा वादही याच जातीचा. चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा कॅलरी जास्त असलेल्या पुड्यांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. आपल्याकडे प्राधिकरणाने २०२२ मध्ये ताऱ्यांचा मसुदा आणला, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. त्यावर हरकतींचा पाऊस पडला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सुधारणा पुऱ्या करण्यासाठी मुदत घालून दिली. माझं मत ताऱ्यांच्या विरुद्ध आहे. ताऱ्यांच्या पद्धतीत चांगल्या घटकांचे गुण वाईटातून वजा होतात. आपल्या या पुड्याला नाचणीसाठी वाढीव गुण मिळू शकले असते आणि साखर तेवढीच राहिली असती.

हे सगळं तज्ज्ञांनी आणि न्यायालयांनी बघावं, आपण काय करणार, असं कुणाला वाटत असेल तर कमला सोहोनींचं नाव घेते. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. केंब्रिजची डॉक्टरेट, मग त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत सहायक संचालक, पुढे मुंबईत विज्ञान संस्थेत डाळी आणि नीरा यांवर संशोधन. एवढं करून त्या मुंबईच्या ग्राहक चळवळीत उतरल्या. १९६६ साली काही स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीचं काम त्यांनी केलं, तिच्या 'कीमत' या मासिकात लिहिलं आणि १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षही होत्या. आपण खातो त्यात काय आहे हे विचारण्यात त्यांना ना कमीपणा वाटला ना प्रश्न क्षुल्लक वाटला. अन्नविषयक नियमांचे मसुदे प्रसिद्ध होतात तेव्हा सर्वसामान्यांच्या सूचना मागवल्या जातात, त्यासाठी मुदत असते. कंपन्यांच्या संघटना ती मुदत चुकवत नाहीत. गावोगावच्या महिला मंडळांनी आणि ग्राहक पंचायतींनी दोनच मागण्या लावून धरल्या तरी पुरे: छोट्या पुड्यांवर निदान साखर, मेद, मीठ हे तीन आकडे, आणि राज्याच्या भाषेत तक्ता.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आलेल्या दिसताहेत, त्याआधी एक खुलासा. आज सांगितलेलं ताट निरोगी प्रौढांचं आहे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डाळीचा आकडा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. आणि बाजारात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते धोक्याचं ठरू शकतं, रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनाही. ती पिशवी घेण्याआधी आपल्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. आता पहिला प्रश्न घेऊ.